हलकं पायजे, पण लुळं नको

लग्नाच्या पंगतीत पानात पापड पडला की तुम्ही-आम्ही तो खातो. सिद्रामअप्पा खात नाहीत. ते पापडाची एक कड दोन बोटांत धरतात, हात पुढे करतात, एक डोळा मिटतात आणि पापडाची पलीकडची कड खाली झुकते का ते बघत बसतात. मागे भाताचं घमेलं घेऊन वाढपी ताटकळलेला असतो, पण तपासणी पुरी झाल्याशिवाय पंगत पुढे सरकत नाही. मग निकाल लागतो. "हलका हाय, पण लुळा हाय," असं म्हणून ते पापड बाजूला ठेवतात. मागच्या हंगामात खटकचिंचोळीच्या एका लग्नात हा निकाल नवरीच्या मामानं ऐकला. पापड त्याच्या घरचे होते. अप्पांना त्या घरचं पुढचं आमंत्रण अजून आलेलं नाही, आणि त्यांच्या शेजारी बसलो होतो एवढ्या गुन्ह्यासाठी मलाही नाही.

"हलकं पायजे, पण लुळं नको" हे वाक्य आता आमच्या हुमनाबादेत सगळ्यांना पाठ आहे. अप्पा छत्री घेताना ते म्हणतात, खराटा घेताना म्हणतात, मत देऊन बाहेर आल्यावर तर हमखास म्हणतात. भावाच्या मुलीला बघायला स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांसमोर त्यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद. अप्पांनी जरा भार दिला आणि जाहीर केलं, "दाबलं की वाकायलाय." स्थळ पोहे न संपवताच उठलं. मुलीनं मात्र अप्पांच्या पाया पडून घेतलं म्हणतात.

हे सगळं एका चाकापायी. चाक म्हणजे सायकलचं. सायकल म्हणजे दूध घालायची नव्हे, डोंगरात पळवायची. आणि अप्पा म्हणजे कोणी डोंगरात पळणारे गृहस्थ नव्हेत. वय बासष्ट, धोतर, पांढरा सदरा, कपाळाला विभूती. हायवेच्या कडेला त्यांचं सरकी पेंडीचं आणि भुशाचं दुकान. त्याला लागून माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मधे एक भिंत आहे, पण ती पेंडीचा वास अडवत नाही आणि अप्पांनाही नाही. ते मला तम्मा म्हणतात. कन्नडमधे तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी पन्नाशी ओलांडली, टक्कल पडलं, तरी मी तम्माच.

अप्पांची एकुलती मुलगी गिरिजा बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आमच्याकडे लेकीला लाडानं यव्वा, म्हणजे आई, म्हणतात. आठवडाभर खुर्चीत बसते आणि सुटीला टेकड्यांवर सायकलच्या शर्यती खेळते. दर आइतवारी सकाळी दहाला तिचा फोन येतो. तो फोन अप्पा माझ्या दुकानात येऊन घेतात, कारण त्यांच्या दुकानात लॉऱ्यांचा आवाज. कान जरा कमी, म्हणून स्पीकर चालू. त्यामुळे एका घरातलं बोलणं दोन दुकानांना आणि समोरच्या पंक्चरवाल्या मस्तानभाईला ऐकू जातं.

पूर्वी ऐकण्यासारखं काही नसे. शरणम्माक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, होत्या तोवर लेकीचा फोन त्यांच्याकडेच असायचा. त्या गेल्या आणि फोन अप्पांच्या हातात आला. मग दर आइतवारी हा कार्यक्रम व्हायचा:

"जेवलीस का?"

"व्हय. तुमी?"

"व्हय."

सकाळी दहाला दोघंही जेवलेले. मग दोघं एकमेकांच्या पंख्याचा आवाज ऐकायचे. "ठेवू?" "ठेवा." माझी दोन्ही बाजूंची एक झेरॉक्स निघेपर्यंत बाप-लेकीची भेट आटोपलेली असायची.

गेल्या दिवाळीच्या आइतवारी काय झालं कोण जाणे, पंख्याचा आवाज ऐकून झाल्यावर गिरिजा म्हणाली, "अप्पा, सायकलला नवी चाकं घ्यायचीत. हलकी पायजेत, चढाला. पण ताठ बी पायजेत, वळणावर लचकली की गेलं. काय घ्यावं कळंना."

अप्पा खुर्चीत सरळ बसले. "कितकी हलकी?"

तिनं ग्रॅममधे सांगितलं. अप्पांनी उभा जन्म क्विंटलमधे काढलेला. ग्रॅम ऐकून त्यांच्या डोळ्यांत जे तेज चमकलं ते मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला बघून चमकलेलं पाहिलं नव्हतं. "तू नको घेऊस," ते म्हणाले. "घाई करू नको. मी बघतो. वजनाचा मानूस हाव मी."

त्या दिवसापासून माझ्या दुपारच्या झोपेची वाट लागली.

दोन वाजले की अप्पा स्टूल ओढून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसणार आणि म्हणणार, "तम्मा, वाच." जगात कुठं कुठं बसून लोकांनी चाकांवर इंग्रजीत लिहून ठेवलंय, ते मी वाचायचं, मराठीत सांगायचं, अडलं तर कन्नडमधे, तिथंही अडलं तर हातवारे करून. मला स्वतःला सायकलचे दोनच भाग माहीत होते, घंटी आणि कॅरियर. आज मी झोपेत रिमची रुंदी सांगू शकतो. जातीचा दाखला काढायला आलेली माणसं तासभर बाकावर बसून कार्बनचं पुराण ऐकून, दाखला न काढता परत गेली आहेत. वाचलेलं सगळं छापून द्यायचं, हाही हट्ट. त्या कागदांचं एक पोतंच झालं. ते पोतंही त्यांनी तोललं.

एक मात्र कबूल करतो. त्या कागदांत मला जे कळलं नाही, ते अप्पांना कळायचं. कडेचं वजन जास्त त्रास देतं, मधल्या हबचं तेवढं नाही, असं एका ठिकाणी होतं. मी तीनदा वाचलं, डोक्यात शिरेना. अप्पांनी काट्यावरचं दोन किलोचं वजन उचलून माझ्या हातात दिलं. "छातीशी धर. जड हाय का? न्हाई. आता हात लांब कर." मी केला. हात थरथरायला लागला. "आता फिरव," म्हणाले. मी म्हटलं, समजलं.

कार्बन आणि अल्युमिनियम यांतला फरक त्यांनी भाकरीवर समजावला. गल्ल्याच्या खणात त्यांनी दोन भाकऱ्या ठेवल्या होत्या. एक कलबुर्गीकडची कडक, दोन-दोन महिने टिकते ती. दुसरी सकाळी खानावळीतून आलेली मऊ. "ह्ये कार्बन," कडक भाकरी वाजवत ते म्हणायचे. "हलकं, ताठ. पण दगडावर आपटलं की तुकडा. आन् ह्ये अल्युमिनम. वाकंल, पण घरी आणून सोडंल." पेंड न्यायला आलेल्या शेतकऱ्यांना हे व्याख्यान फुकट. एकानं विचारलं, "अप्पा, म्हशीला यातली कंची घालायची?" दुपारी भूक लागली की अप्पा शेंगाचटणीबरोबर कार्बन खायचे. दुसऱ्या दिवशी नवा नमुना.

गिरिजाची जुनी सायकल घरीच होती. तिचं मागचं चाक काढून दुकानात आलं. दोन विटांवर ते आडवं ठेवायचं, वर पेंडीचं पोतं टाकायचं आणि किती लचकतं ते काडेपेटीच्या काड्यांनी मोजायचं, अशी प्रयोगशाळा सुरू झाली. एक तार काढून ती सराफाच्या काट्यावर तोलून आणली. सराफानं सवयीनं विचारलं, "मोडायची का गहाण ठेवायची?" हायवेवरचे लॉरीवाले चहाला थांबले की येऊन मत देऊन जायचे. मस्तानभाईनं तर पहिल्याच महिन्यात प्रश्न सोडवला होता. "अप्पा, इत्ता नक्को सोचो. लारीका चक्का बिठाव. पोट्टी जिंदगीभर पंचर नै लाती."

"हलकं पायजे, मस्तान."

"तो हवा कम भरो."

दर आइतवारी या सगळ्याचा अहवाल बेंगळुरूला जायचा. पंख्याचा आवाज ऐकायला आता सवड नव्हती. "आगं, पोतं टाकलं तर दोन काड्या लचकलं." "दोन म्हणजे लई झालं अप्पा." "पन पोतं ओलं व्हतं." पाऊण पाऊण तास. माझ्या दुकानात फॉर्म भरायला आलेली माणसं हळू बोलायला लागली. आणि निकाल? निकाल नाही. प्रत्येक आइतवारी शेवटी तेच. "थांब जरा. अजून एक बघायलोय."

चैत्रात तर कहर झाला. कलबुर्गीत अप्पांचे एक दूरचे नातलग सायकलींचे व्यापारी आहेत. त्यांच्याकडून अप्पांनी हलक्या चाकांची एक जोडी दोन दिवसांच्या बोलीवर आणली. जुन्या सायकलला बसवली, आणि आम्ही निघालो हळ्ळीखेडला, त्यांच्या शेतात. भार म्हणून मी.

"तुजं वजन किती?"

"शहाऐंशी."

"झालं तर. पोती बांधायची गरज न्हाई."

भर उन्हाळा. भुईला भेगा पडलेल्या. काळी माती वाळून दगड झालेली, चाकाला याहून चांगला रस्ता नाही, असं अप्पांनी मला निघतानाच समजावलं होतं. मी पायडल मारत उसाच्या कडेच्या वाटेनं निघालो. चाक खरंच पळत होतं, खोटं कशाला बोलू. घडीभर मला वाटलंसुद्धा की चूक वयात झाली, नाहीतर मीही शर्यती मारल्या असत्या. आणि उसाचं वळण घेतो तर पुढे सगळं पाणी. मोटर चालूच राहिलेली. पाट फुटून वाट भिजून नुसतं लोणी झालेली.

काळ्या मातीचा चिखल ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून कळायचं नाही. तो लागत नाही, तो चढतो. दहा पावलांत चाकाची जाडी दुप्पट झाली, पुढच्या पाचात चाक फिरायचं थांबलं आणि मी उसात. मागून अप्पा धोतर सावरत आले. त्यांनी आधी चाक बघितलं. मग पुन्हा चाक बघितलं. मग मला विचारलं, "लागलं न्हाई न्हवं?" सायकल खांद्यावर घेऊन हायवेपर्यंत एक कोस मी चालत आलो. चिखल काढू दिला नाही, कारण तोलायचा होता. दुकानात काट्यावर टाकलं. एकेका चाकावर तीन किलोंवर माती. दीडशे ग्रॅम वाचवायला सहा महिने, आणि तीन किलो चढायला दहा पावलं. जन्म काळ्या रानात गेलेल्या माणसाला चिखलाचा विसर पडतो, म्हणून त्या दिवशी मी अप्पांना खूप बोललो. ते नुसते मान हलवत होते.

त्या आइतवारी त्यांनी माझं पडणं असं रंगवून सांगितलं की गिरिजा हसून हसून बोलायचीच थांबली. फोन तासाच्या वर चालला. मी गुडघ्याला हळद लावून शेजारीच बसलो होतो. माझं दुःख कोणी विचारलं नाही.

श्रावण गेला, गणपती गेले. दसरा तोंडावर आला. दसऱ्यानंतर गिरिजाची मोठी शर्यत होती. एक दिवस अप्पा पेंडीची गाडी उतरवून घेण्यात गुंतलेले बघून मी गुपचूप तिला फोन लावला. म्हटलं, "बाई, तुझ्या बापाच्या हातून हे व्हायचं नाही. अकरा महिने झाले. तू चाकाचं नाव सांग, मी आत्ता मागवून मोकळा होतो."

ती म्हणाली, "काका, चाकं मी संक्रांतीलाच घेतलीत."

माझी नजर त्या कागदांच्या पोत्याकडे गेली.

"अगं, मग हे माणूस काय करायलंय इथं? माझा गुडघा..."

"अप्पांना सांगू नका काका. आई होती तवा अप्पा माझ्याशी कधी बोललेत? फोन आईच धरायची. ती गेल्यावर दोघांना काय बोलावं कळायचं न्हाई. मी फोन ठेवून रडायची. आता पाऊण तास बोलायलेत. चाक घेतलं म्हणून सांगितलं की संपलंच की सगळं."

रोज दुपारी झोप मोडली म्हणून मी ज्या माणसाला शिव्या घालत होतो, त्याची पोर तिकडे आइतवारची वाट बघत बसते, हे मला शेजारी असून कळलं नव्हतं. मी नुसतं "बरं" म्हटलं. नंतर बराच वेळ कोणाचा फॉर्म भरत होतो ते मला आठवत नाही.

पण गुपित पोटात ठेवणं हा माझा धंदा नाही. माझा धंदा एकाच्या दोन प्रती काढायचा. कसेबसे दिवस काढले. शर्यत झाली, गिरिजाचा तिसरा नंबर आला आणि तिनं सायकल धरून काढलेला फोटो आम्हा दोघांनाही पाठवला. अप्पा मोबाइल घेऊन धावत आले. "तम्मा, मोठा छाप. दुकानात लावायचाय."

फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. पोरगी हसतेय, आणि खाली दोन्ही चाकं लख्ख. काळी, चकचकीत, नवी. एवढं मोठं छापलं की चाकाचा माणूस ओळखणार. मी शांतपणे फोटो हँडलच्या वरून कापला आणि छापून हातात दिला.

अप्पांनी तो लांब धरून बघितला. "पोरगी झकास आलीय. सायकल कुठाय?"

"कागदात मावली नाही."

"शाळंचा अख्खा वर्ग मावतोय तुझ्या कागदात."

"प्रिंटरचं जरा..."

"तम्मा," अप्पा म्हणाले, "चाकं कामून कापलास?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"अठ्ठावीस तारा हायेत. जुन्याला बत्तीस व्हत्या. संक्रांतीला तिनं सायकलीचा फोटो धाडला व्हता, त्यातच मोजलो मी."

"म्हणजे तुम्हाला..."

"चांगलं घेतलीय पोरीनं. हलकं हाय, लुळं न्हाई. मी बी त्येच सांगणार व्हतो. पौषातच ठरलं व्हतं माजं." ते कापलेल्या फोटोच्या कडेवरून बोट फिरवत होते. "सांगितलो न्हाई. सांगून मग काय बोलायचं? मला दुसरं काय येतंय? तिला वाटतंय अप्पाला ठाव न्हाई. वाटू दे."

माझ्या डोक्यात तेवढ्यात काहीतरी चमकलं. संक्रांत आधी, चैत्र नंतर. मग चैत्रातली ती चाचणी कशाला?

"अप्पा, त्या दिवशी हळ्ळीखेडला मोटर कोणी चालू ठेवली होती?"

अप्पांनी दाराबाहेर हायवेकडे बघितलं. "माज्या रानात मोटर माज्याशिवाय कोण लावतंय? दर आइतवारी नवीन काय सांगू मी तिला?" मग जरा ओशाळून म्हणाले, "तू पडशील असं वाटलं नव्हतं, तम्मा. पन बरं पडलास."

सहा महिन्यांपूर्वी हे कळलं असतं तर मी त्यांना त्याच पाटात बसवलं असतं. आता मी फोटो पुन्हा छापला. अख्खा, चाकांसकट. तो त्यांनी दुकानात नाही, घरी शरणम्माक्कांच्या फोटोशेजारी लावला. घरी कोणी येत नाही, चाकं दिसायचा प्रश्न नव्हता.

पुढच्या आइतवारी दहाला फोन वाजला. "अप्पा, जुन्याच चाकांवर तिसरी आले बघा," गिरिजा म्हणाली. "पुढच्या शर्यतीला तरी नवी ठरवा की."

"ठरवतो. तीन नंबर जुन्या चाकावर म्हणजे लई झालं." हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. "तम्मानं एक नवीन काढलंय. ऐक. तम्मा, वाच."

मी काहीच काढलेलं नव्हतं. पण मी गुमान एक पान उघडलं आणि वाचायला लागलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं पान लांबवून लांबवून वाचलं, रिमची रुंदी दोनदा सांगितली. पाऊण तास झाला. दाराशी दोघं-तिघं खोळंबले होते, त्यांना हातानंच बसा म्हटलं.

शेवटी अप्पांनी जुनाच प्रश्न विचारला. "जेवलीस का?"

"आज भाकरी करून बघितले, अप्पा. आईसारखी. पयल्यांदाच."

अप्पांनी हळूच विचारलं, "कशी झाली?"

"लुळी."

मी कॉम्प्युटरवरून नजर वर केली. आता निकाल येणार, मला ठाऊक होतं.

"असू दे," अप्पा म्हणाले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "असू दे, यव्वा. लुळी बी चालती."